चंद्रावरचं गुऱ्हाळ

धन्यकुमार : त्या पेटीवर बसा चंद्राबाई, खुर्चीचा पाय मोडलाय. आणि मला एकदा नीट सांगा. तुमच्या गुऱ्हाळावरची तीन माणसं चार दिवसांत इथं येऊन गेली. तिघांनी एकच पुस्तक मागितलं. चंद्रावर ऊस गाळतात ते. अठरा वर्षं मी आष्ट्यात हे वाचनालय चालवतोय. असलं पुस्तक माझ्याकडं नाही.

चंद्राबाई : असंल की अण्णा. तुमीच दिलंय मला, दिवाळी झाल्यावर.

धन्यकुमार : मी दिलं ते यंत्रात बसून चंद्रावर जाणाऱ्या एका प्रोफेसराचं. त्यात ऊस कुठला? तिथं नुसते दगड आणि थंडी.

चंद्राबाई : मग त्येच. आणलंय म्या. पर आदी मला दुसरं द्या. फळ्यावर काय काय लिवलंय औंदा?

धन्यकुमार : वाचा की.

चंद्राबाई : तुमीच सांगा. चश्मा... उजेड कमी हाय.

धन्यकुमार : भर दुपारी? बरं. वर लिहिलंय, हंगाम गुऱ्हाळाचा. खाली यादी. समुद्राखालच्या नगरीचं एक, राक्षसाच्या आरशाचं एक, मंगळावरच्या राणीचं एक. चातुर्मासात मी पुराणं सुचवतो, उन्हाळ्यात जत्रांच्या दिवसांत हसायची पुस्तकं. गुऱ्हाळाला मात्र अद्भुतच. काहिलीला उकळी येईपर्यंत दहा-पंधरा माणसं रिकामी बसतात, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तिथं रडकं पुस्तक दिलं तर गूळ चिकट होतो, असं तुमचा गुळव्याच मला सांगतो.

चंद्राबाई : केरबामामा काय बी सांगत्यात.

धन्यकुमार : आणा ते पुस्तक इकडं. अहो, हे काय? इथून इथपर्यंत सगळी पानं एकमेकांना चिकटलीत. काकवी सांडलीय.

चंद्राबाई : आदीपासनंच चिकटल्याली हायती. म्या न्हाई केलं, आईशपथ.

धन्यकुमार : तुम्ही केलं असं कुठं म्हणालो मी? पण मग ही पानं तुम्ही वाचून दाखवलीत कशी?

चंद्राबाई : न्हाई वाचली.

धन्यकुमार : मग?

चंद्राबाई : मनानं सांगितली.

धन्यकुमार : मनानं? म्हणजे तो चंद्रावरचा ऊस तुमचा?

चंद्राबाई : आवं, म्या तिसरी शिकल्याली. जोडाक्षर आलं की माजी जीभच अडकती. आमच्या मालकांचं तर तुमास्नी ठावंच हाय. लढाईत इटलीकडं सुरुंग उडाला आन् दोनी डोळं गेलं. श्रावणात घरी आलं, तवापास्नं भिंतीकडं तोंड करून बसायचं. आदी गुऱ्हाळावर वाचायचा मान त्येंचाच. औंदा केरबामामांनी इचारलं, आता कोन वाचनार? मालक चुलवाणापाशी बसलं हुतं, मान खाली. मला ते बगवंना. म्हणलं, म्या वाचते.

धन्यकुमार : पंधरा माणसांपुढं?

चंद्राबाई : व्हय. पयली पानं ढकलली कशीबशी. यंत्र उडालं वर. आन् फुडं हा चिकटल्याला गठ्ठा. समदी तोंडाकडं बगायला लागली. पानं चिकटल्यात म्हणलं असतं तर मालक उठून गेलं असतं. मग म्या ओळीवर बोट ठिवलं आन् म्हणलं, यंत्र चंद्रावर उतरलं, तर लांब धूर दिसला. कशाचा धूर? तर गुऱ्हाळाचा.

धन्यकुमार : तिथं हवा नसते चंद्राबाई. धूर कसा होईल?

चंद्राबाई : ते मला काय ठावं? केरबामामांनी इचारलं, तितं बैल कुठले? म्हणलं, बैल कशाला, तितं समद्याचं वजनच कमी, एक मानूस दोन बोटांनी घाणा फिरवतोय. आन् तवा मालकांनी मान वर केली. म्हणलं, ढेप केवढी हुती म्हणं? त्या दिसातला पयला शब्द त्येंचा. म्या म्हणलं, जात्याएवढी, पर शेंबडं पोर डोस्क्यावर घिऊन पळतंय. तर हासलं, अण्णा. श्रावणापास्नं पयल्यांदा हासलं.

धन्यकुमार : आणि चिकटलेली पानं संपल्यावर?

चंद्राबाई : मग खरं पुस्तक जुळंना. त्यात ते दगड आन् थंडी. म्हणून मीच फुडं सांगत ऱ्हायले. आज वीस दीस झालं. मधनं पान उलटायचं, म्हंजे बरं दिसतंय.

धन्यकुमार : ही मनानं सांगायची विद्या कुठं शिकलात?

चंद्राबाई : त्येंच्या ट्रंकंत एक चित्राचं पुस्तक हाय. तिकडं कुण्या गोऱ्या शिपायानं दिल्यालं. घरात इचारायचं, चंद्रा, ह्या चित्रात काय हाय? खाली इंग्रजी अक्षरं, ती कुणाला येत्यात? मग दिसंल ते सांगायची. मानसाच्या डोस्क्यावर काचंचा हंडा हाय, म्हणलं, लगनाचं पाणी आणाय निघालाय.

धन्यकुमार : तो अवकाशातला प्रवासी असेल. ते पुस्तक एकदा मला आणून दाखवा. पण चंद्राबाई, बोलतो त्याचा राग मानू नका. लिहिणाऱ्यानं कष्टानं एक लिहायचं, आपण वाचतोय म्हणून दुसरंच सांगायचं. ही फसवणूक झाली.

चंद्राबाई : झालीच. म्हणून तर आले. उद्या दुपारी नानासो मास्तर येनार हायती गुऱ्हाळावर. त्येंनी निरोप धाडलाय, ते पुस्तक ठिवा, नाथाजीला म्या नीट वाचून दाखवतो. मास्तर पानं सोडवत्याल, पयल्यापास्नं वाचत्याल. मालकांच्या ध्यानात यील की.

धन्यकुमार : येऊ दे. चार दिवस रुसेल.

चंद्राबाई : तुमास्नी ते ठावं न्हाई. डोळं गेल्यापास्नं त्येंना एकच भ्या. ताटात काय वाडलं, कोन समोर बसलंय, समदं दोन-दोनदा इचारत्यात. म्हणत्यात, आता मला कुणी बी फशिवल. आन् फशिवलं कुणी, तर बायकूनं, वीस दीस, पंधरा माणसांच्या म्होरं. माज्यावरचा इस्वास उडला तर त्यो मानूस कुणाच्या आधारानं उठंल-बसंल? मला लय भ्या वाटतंय अण्णा. रातीचं जेवान जाईना.

धन्यकुमार : मग माझ्याकडून काय हवंय?

चंद्राबाई : हे ठिवून घ्या. कुणी आलं तर सांगा, हरवलं. आन् मला सोप्या अक्षराचं एकादं द्या.

धन्यकुमार : हरवलं असं मी सांगणार नाही. मुनिमहाराजांपुढं नेम घेतलाय, खोटं बोलायचं नाही म्हणून. घरच्या दुकानात गिऱ्हाइकापुढंसुद्धा पाळलाय.

(बाहेरून केरबा गुळव्या आत येतो. चंद्राबाई पुस्तकावर पदर ओढते.)

केरबा : रामराम अण्णा. आगं चंद्रे, तू हितं? बरं झालं. अण्णा, ते चंद्रावरच्या गुऱ्हाळाचं पुस्तक द्या बगू. माजा जावई आलाय लोणंदहून, रेल्वेत हाय, फडाफडा वाचतोय. चंद्री लय चिवडत वाचती, रोज दोन पानं. आमचा जीव टांगणीला.

धन्यकुमार : केरबा, चंद्रावर ऊस गाळतात असं एकही पुस्तक माझ्या कपाटात नाही.

केरबा : आसं कसं? नाथाजी तर म्हणला, हाय.

चंद्राबाई : काय म्हणलं मालक?

केरबा : काल म्या त्येला इचारलं, गड्या, लिवनाऱ्याला गुळातलं एवढं कसं कळतंय रं? काकवीची तार बी बरुबर सांगतोय. तर म्हणला, केरबामामा, समदं लिवलंय त्यात. भरतीच्या आदल्या साली मामाच्या गुऱ्हाळावर बागणीला म्या स्वता वाचलंय. ढेप जात्याएवढीच हुती.

धन्यकुमार : तो असं म्हणाला?

केरबा : तर काय. असू द्या, कुणीतरी नेलं असंल. आलं की माज्यासाठी ठिवा. जातो, काहील चढल्याली हाय.

धन्यकुमार : गेला. चंद्राबाई, पदर काढा त्या पुस्तकावरचा. बघू दे मला.

चंद्राबाई : असं काय बगताय?

धन्यकुमार : मी म्हातारा झालो. ही पानं कुणी चिकटवली ते आठवायला एवढा वेळ लागला. चाळीस सालातली गोष्ट. हे पुस्तक तुमच्या नाथाजीनंच नेलं होतं, बागणीला. आणून दिलं तेव्हा असं चिकटलेलं. मी त्याला चांगलं झापलं. तर इथंच उभा राहून म्हणाला, अण्णा, चिकटायच्या आदी वाचल्यात म्या ती पानं, दोनदा. आणि मला त्यातला प्रोफेसर, ते दगड, ती थंडी, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं.

चंद्राबाई : दोनदा?

धन्यकुमार : दोनदा.

चंद्राबाई : म्हंजे ढेप केवढी म्हणून इचारलं तवा...

धन्यकुमार : तेव्हा त्याला ठाऊक होतं, ढेप नाहीच म्हणून.

चंद्राबाई : आन् वीस दीस काय बी बोललं न्हाईत. उलट केरबामामांस्नी सांगितलं, समदं लिवलंय.

धन्यकुमार : माणूस खोटं बोलला तुमच्यासाठी. मला तर नेमामुळं तेही जमलं नाही. हं, डोळे पुसा. मास्तरांचं काय करायचं ते तोच बघेल उद्या. आता पुस्तकाचं बोला. समुद्राखालची नगरी न्या. ठसठशीत अक्षर, जोडाक्षरं कमी, कोरी प्रत आहे. एक पान चिकटलेलं नाही.

चंद्राबाई : ते नगं अण्णा.

धन्यकुमार : का हो?

चंद्राबाई : निगताना मालकांनी हाक मारली. म्हणलं, चंद्रा, येताना पानं चिकटल्यालं बगून आण. मला वाटलं, माजी चेष्टा करत्यात.

धन्यकुमार : थांबा जरा, शिडी लावतो. वरच्या फळीवर तसली चार आहेत. चारी त्यानंच चिकटवून आणून दिलेली.