अर्धी तक्रार

मुरगूडच्या एस्टीच्या रांगेत सरुबाई पुढल्या मावशी-भाचीचं बोलणं कान देऊन ऐकत होती.

"संघप्रिया, तुझ्या दूध संघात गावोगावच्या डेअरीच्या तक्रारी आता कॉम्प्युटर लिवतो म्हणं?"

"व्हय मावशी. फोनवर ऐकायचं, तेच माईकात बोलायचं. त्यो लिवून थेट इंजिनिअरला धाडतो."

"ब्येस की!"

"पर आपली माणसं आधी घरचं सांगत्यात. 'म्हस व्याली, रेडी झाली, आन् डेअरीचा कॉम्प्युटर बंद हाय.' म्या समदं तसंच माईकात बोलले, तसंच गेलं."

"इंजिनिअर तापला असंल!"

"न्हाय, साहेब तापला. इंजिनिअर गावात गेला, आधी रेडीची चौकशी केली, खरवस खाऊन आला."

"मग आता?"

"साहेबाच्या धाकानं काल नुसतं कॉम्प्युटरचंच धाडलं. तर इंजिनिअरचाच फोन, 'मॅडम, तक्रार अर्धीच आलीया की!'"