घारीच्या डाव्या डोळ्याबाबत

मी, शिवणबाई या नावाने ओळखली जाणारी, वय त्रेसष्ट वर्षे, व्यवसाय मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवणे, आता निवृत्त, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला, आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, आम्ही दोघी चौदा वर्षांच्या असताना एकदा कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात धुलाईघरामागच्या पायऱ्यांवर बसलो होतो.

हवालदार बाईंनी घटनेच्या दिवसापासून सांगावे असे सुचवले. घटना तिथूनच सुरू होते, म्हणून तिथूनच लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली.

जिच्या डोळ्याला इजा झाली ती माझी मैत्रीण. तिचे डोळे घारे असल्यामुळे शाळेपासून सगळे तिला घारी म्हणतात. माझे डोळे चारचौघींसारखे आहेत. त्या दिवशी वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला ती माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि मान मागे टाकून तिने डोके माझ्या गुडघ्यांवर टेकवले. मी शिवणाच्या तासातून पांढऱ्या दोऱ्याचे रीळ उचलून आणले होते. दोऱ्याचे एक टोक दातांत धरून मी तिच्या भुवया कोरल्या. त्याआधी मी कुणाच्याही भुवया कोरल्या नव्हत्या. मी तिला सांगितले, "डोळे मीट. एक बोट भुवईवर, एक पापणीवर. कातडी ताणून धर आणि सुटू देऊ नकोस." दुखले तर ओरडू का, असे तिने विचारले. ओरडलीस तर सिस्टर येतील आणि तुला एकाच भुवईने जेवायला बसावे लागेल, असे मी म्हटले. पहिल्या ओढीला तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. पुढेही दर वेळी डाव्यातूनच यायचे, उजव्यातून कधी नाही.

त्यानंतर तिच्या लग्नाआधी, दोन्ही बाळंतपणांनंतर, नवरा गेल्यावर काही महिने सोडून पुन्हा, तिच्या भुवया मीच कोरत आले. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी ती माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायची. वय झाल्यावर हनुवटीवर चार राठ केस उगवू लागले, तेही मीच काढायची. "तुझा हात किती हलका आहे गं," असे ती दर वेळी म्हणायची. तिच्या चेहऱ्याला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

यंदा तिने लागोपाठ दोन शनिवार चुकवले. पुढच्या शनिवारी आली ती हनुवटी गुळगुळीत करून. नाक्यावरच्या औषधांच्या दुकानावर त्वचेचा दवाखाना निघाला आहे, तिथे लेझरने केस घालवतात आणि ते काम एक मुलगी करते, असे तिने सांगितले. मग दुपारभर ती मुलगी अशी आणि ती मुलगी तशी. मशीनचे थंड टोक टेकवताना ती मुलगी दर वेळी विचारते म्हणे, मावशी, फार गार लागतंय का? मी म्हटले, माझ्याकडे गार लागेल अशी वस्तूच नाही, साधा दोरा आहे. घारी हसली. मी चहा केला. साखर घालायची राहिली, ती तिने मागितली नाही.

गेल्या सोमवारी दुपारी ती दवाखान्यात जाणार होती. मी सोबत येते म्हटले. सोबतीची गरज नव्हती. मला त्या मुलीला पाहायचे होते.

मुलगी पंचविशीची असेल. केस घट्ट बांधलेले, नखे कापलेली, बोलणे मऊ. तिने घारीला मावशी म्हटले आणि मला आजी. घारी माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठी आहे. याची नोंद व्हावी.

घारी तोंड धुवायला आत गेली तेव्हा मुलगी पलंगावर कागद अंथरत होती. ती सहज म्हणाली, "आजी, तुमचा हात आता कापतो ना, म्हणून मावशी इकडे येतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगू नको म्हणाल्या होत्या. मी बोलून गेले." मला माहीत आहे, असे मी म्हटले. मला माहीत नव्हते.

खोलीला खिडकी नाही. छोट्या फ्रिजएवढे मशीन, त्याला जाड नळी, नळीच्या टोकाला हातात धरायची मूठ आणि खाली पायाने दाबायचे पेडल. मुलीने दार आतून लावून घेतले व दारावरचा लाल दिवा लावला. मला माझ्या चष्म्यावरून चढेल असा बाजूंनी बंद रंगीत चष्मा दिला आणि शेवटपर्यंत काढू नका, झोत कुठूनही उलटून येतो, असे बजावले. तसाच तिने स्वतः घातला. घारीच्या डोळ्यांवर इलॅस्टिकचा काळा चष्मा बसवला. त्यातून काहीच दिसत नाही. इथपर्यंत मुलीने सर्व काळजीपूर्वक केले, हे मी सांगणे लागते. मी पलंगाच्या डाव्या बाजूला स्टुलावर होते.

हनुवटी झाली, वरचा ओठ झाला. जळलेल्या केसांचा वास येत होता. मग घारी म्हणाली, भुवयांखालचे तेवढे काढून टाक, दर पंधरा दिवसांनी दोरा लावत कोण बसणार. हे ती माझ्यादेखत म्हणाली. चष्म्यामुळे मी खोलीत आहे हे ती विसरली असेल.

मुलगी नाही म्हणाली. डोळ्याभोवतीच्या हाडाच्या आत मशीन लावायचे नाही, आम्हाला तसे शिकवले आहे, असे तिचे शब्द होते. घारीने तिची हनुवटी चाचपडत धरली आणि म्हणाली, "अगं, कर की. तुझा हात किती हलका आहे."

मुलगी लाजली. मी तिच्या वयाची असताना मीही लाजत असे.

मग ती म्हणाली, डोळे घट्ट मिटून घ्या, मी चष्मा जरासा खाली घेते. चष्मा तिने खाली घेतला. घारीने तो काढला नव्हता. उजवी भुवई झाली, काही त्रास नाही. डाव्या भुवईखाली कातडी सैल पडली आहे, तिथे मूठ नीट बसेना. मुलगी वाकून जागा बघत होती. त्या वेळी घारीचा डावा हात वर आला. एक बोट भुवईवर, एक पापणीवर, आणि तिने कातडी ताणून धरली. बोटांच्या रेट्याने काळा चष्मा गालावर सरकला. मुलीचे लक्ष मुठीवर होते. बोटे तिला दिसली असतील, चष्मा सरकलेला दिसला नसावा. मशीनचा बारीक आवाज झाला.

घारी ओरडली नाही. "अगं, आत उजेड पडला," एवढेच म्हणाली. मग तिने डोळ्यावर हात दाबून धरला.

हात वर येणे आणि पेडल दाबले जाणे यांत किती वेळ गेला, असे हवालदार बाईंनी विचारले. "थांब" म्हणण्याइतका गेला. मी म्हटले नाही. का नाही, असे विचारल्यावरून सांगते की, तसे कातडी धरणे तिला मी शिकवले होते. त्या मुलीच्या पलंगावर, त्या मुलीच्या मशीनखाली, ती माझ्या पायऱ्यांवर असल्यासारखी वागली. ते पाहून मला बरे वाटले. माझे बरे वाटणे संपेपर्यंत आवाज झाला होता. हे वाक्य ठेवायचे की खोडायचे, असे मला विचारण्यात आले. ठेवायचे, असे मी सांगितले.

मुलीने मशीन बंद केले व डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर त्या दिवशी दवाखान्यात नव्हते. थंड पट्टी ठेवून घरी पाठवा, संध्याकाळपर्यंत उतरेल, असे ते म्हणाले. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मी ऐकले. मुलीने पट्टी ठेवली, पण घरी पाठवले नाही. घारीला धरून जिना उतरवला आणि टॅक्सी करून आम्हाला डोळ्यांच्या रुग्णालयात नेले. टॅक्सीत ती रडत म्हणाली की, डोळ्याजवळचे काम असले तर पापणीच्या आत बसवायच्या धातूच्या वाट्या असतात, डोळा बधिर करून त्या डॉक्टरच बसवतात. दवाखान्यात त्या आहेत, पण कपाटाला कुलूप आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात. तरीही मी हो म्हणायला नको होते, असे ती दोनदा म्हणाली. घारी तिचीच समजूत घालत होती. माझ्या मांडीवर दोघींच्या पिशव्या होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी तपासून जे सांगितले ते मला समजले तसे सांगते. हा झोत केसातला काळेपणा शोधून त्याला जाळतो. बुबुळातही तसाच रंग असतो, घाऱ्या डोळ्यातही असतो, आणि झोताला केस आणि बुबुळ वेगळे ओळखता येत नाहीत. डोळा मिटणे पुरेसे नाही, कारण पापणी पातळ असते व झोत तिच्यातून पार होतो. त्यातून डोळा घट्ट मिटला की बुबुळ आतल्या आत वर सरकते, म्हणजे नेमके भुवईच्या जवळ जाते. घारीच्या डाव्या बुबुळाला वरच्या बाजूने भाजले आहे, आत सूज आहे. मधली काळी बाहुली गोल राहिलेली नाही, वर ओढली गेली आहे. सूज औषधाने उतरेल, बाहुलीचा आकार परत येणार नाही. पुढे मोतीबिंदू होण्याचा धोका आहे. घरी जाऊन वाट पाहिली असती तर याहून वाईट झाले असते, असेही बाईंनी सांगितले. हे मुलीच्या बाजूचे आहे आणि खरे आहे.

वॉर्डात घारीच्या खाटेजवळ एकच स्टूल होते. त्यावर मुलगी बसली. मी उभी होते. डोळ्यात औषध घातल्यावर घारीने हात पुढे केला, तो मुलीने धरला. थोड्या वेळाने घारीने विचारले, पोरीने काही खाल्ले का? माझे तिने विचारले नाही. मी खाल्ले नव्हते.

घारीचा मुलगा दुसऱ्या दिवशी आला. तक्रार त्याने दिली आहे. तो मला मावशी म्हणतो, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवले आहे. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त त्या मुलीने चष्मा काढला एवढंच सांगा. बाकी काही सांगायची गरज नाही." त्याच संध्याकाळी दवाखान्याचे डॉक्टर माझ्या घरी आले. पेशंटने स्वतः हात लावला एवढेच सांगा, असे ते म्हणाले, आणि त्या मुलीला मी काढून टाकले आहे, असेही. दोघांनाही मी पाणी दिले.

घारी काही आठवत नाही म्हणते. तिला सगळे आठवते. काल ती मला म्हणाली, "बये, तू एकटी पाहत होतीस. त्या पोरीचं आयुष्य जाईल गं. तुझ्या एका शब्दावर आहे." एकोणपन्नास वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती दुसरीसाठी.

म्हणून माझे सांगणे असे की, चष्मा खाली घेतला तो मुलीने, आणि नको म्हणून झाल्यावर घेतला. गालावर सरकवला तो घारीने, आणि हौसेने नव्हे, सवयीने. वाट्यांचे कुलूप डॉक्टरांचे. पाहणारी मी. यातले एक ठेवून बाकीचे गाळता येईल, असे मला वाटत नाही. त्या मुलीविषयी माझ्या मनात चांगले काही नाही. तरीही ती खोटे बोललेली नाही.

हवालदार बाईंनी हा सगळा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, कोणी पदरचे काही घातलेले नाही. खालच्या सहीतली अक्षरे वाकडी आली आहेत ती माझा हात कापतो म्हणून. कोणी दबाव टाकलेला नाही.

या जबाबाची एक नक्कल घारीच्या मुलाला द्यावी. त्याला हवे ते वाक्य यात आहे, पण त्याने पुढचेही वाचावे. एक नक्कल त्या मुलीला द्यावी, डॉक्टरांच्या हस्ते नको, तिच्या हातात. जप्त केलेला काळा चष्मा ठाण्यातच राहू द्यावा, परत गेला तर कुणाच्या तरी डोळ्यांवर चढेल. घारीला नक्कल देऊ नये. तिला अजून अक्षर लागत नाही, ती त्या मुलीकडून वाचून घेईल. तिला मी वाचून दाखवीन. शनिवारी दुपारी, माझ्याकडे, खिडकीचा पडदा ओढून, कारण तिला उजेड सोसत नाही. एकही वाक्य गाळणार नाही.