पुसेगावची लग्नाची भिंत

हसू नका, पण लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा फिरायला गेलो ते भिंती बघायला. माझे बाबा पेंटर. लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं, केळीचे खांब, दोन बाजूंना दोन हत्ती काढायचे. ते गेल्यामुळे माझ्या लग्नाला मात्र फ्लेक्स लावावा लागला. त्यांच्या हातच्या भिंती पुसल्या जायच्या आत फोटो काढून ठेवायचे होते.

पुसेगावात एक सापडली, तर घरची मावशी तिच्यावर चुना मारत होती. एक हत्ती गेलाच होता.

"मावशी, थांबा!"

"काहून? पोराचं लगीन हाय. ह्याच पेंटरला बोलवायचंय, खाली नंबर हाय त्याचा. तीन दिवस झाले लावून राहिले, लागतच न्हाई."

"माझ्या बाबांचा हाय तो नंबर. बाबा वारले, मावशी."

तिनं कुंचा बादलीत ठेवला. मी उरलेल्या हत्तीचा फोटो काढेपर्यंत बाजूला उभी राहिली. मग बाबांच्या नाव-नंबराचा तेवढा कोपरा सोडून तिनं बाकीची भिंत पांढरी केली.

परत येताना हे म्हणाले, "अगं, लोक फोन लावतील ना त्यावर."

"लावू द्या की," मी म्हणाले. "बाबांना काम येत राहील."