उलट्या आट्याची फ्रीव्हील
आता हसा तुम्ही, पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलगी बघायला पारोळ्याला जायचं, आणि धुळ्यातच सायकलीची फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकती, गेली. पायडल मारलं तरी चाक हलेना. नवी आणली, पण जुनी निघेना. मित्र मधू म्हणाला, “डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तसेच हिचेही!” मग फ्रीव्हीलच्या खाचेत पाना अडकवून, त्याला नळी लावून आम्ही दोघं तासभर पुढच्या बाजूला लोंबकळलो.

शेजारचे नाना जन्मात सायकलीवर बसले नव्हते. ते म्हणाले, “भाऊ, पायडल मारीसन जे घट्ट व्हयनं, ते त्याच अंगले दाबीसन कसं सुटी?”

पाना उलट्या बाजूला दाबला. पहिल्याच झटक्यात सुटली!

नाना बिडी पेटवत म्हणाले, “तासभर पायडलच मारी ऱ्हायनात तुम्ही. सायकलवर बसतात तं पारोळा ई जातं!”