अर्थासह, वापरासह

...आणि वरून तो मोबाईलमधला इंग्रजीचा मास्तर म्हणते का शब्द, अर्थ आणि वापर, तिन्ही झालं तरच शब्द तुमचा. आता तुम्हाले सांगतो, शब्द मी पाठ करतो, अर्थ मी पाठ करतो, पण वापर का एकट्यानं करता येते हो? पलीकडं कान पाहिजे ना कोणाचा. घरात कोण, तर मी, फ्रिज अन् भिंतीवर हार घातलेल्या फोटोतली माझी बायको, तारा. फ्रिजले म्हणू का 'मेटिक्युलस'? म्हणजे बारीकसारीक पाहून काम करणारा. त्याले धड बर्फ बी जमवता येत नाही. अर्थ समजला, वापर कोणावर करू?

तुम्ही म्हणाल, तेजरामभाऊ, या वयात हे खूळ कावून? तर माझा पोरगा पीयूष मेलबर्नले आहे. त्याची पोरगी समृद्धी तिकडंच जन्मली, घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, मराठीचं म्हणाल तर फक्त 'आबाजी'. दर रविवारी व्हिडिओ कॉल. 'हाय आबाजी', हात हलवला, 'बाय आबाजी', गेली. अहो, न घेणारं गिऱ्हाईक बी दुकानात याच्याहून जास्त थांबते. मनात म्हटलं, हिले थांबवाचं असन तर हिच्या पसंतीचा माल ठेवा लागन.

माल म्हणजे, माझं स्टीलच्या भांड्याचं दुकान आहे इकडं छत्तीसगडात, कोहक्याले. शाळा लवकर सुटली, पण छत्तीसगडी, हिंदी, कामापुरती तेलुगू सारं गल्ल्यावर बसूनच शिकलो, तर इंग्रजीनं काय घोडं मारलं? फक्त एक झालं. आमच्या धंद्यात भांडं किलोवर जाते. पातळ गंज, म्हणजे पातेलं, हातात घेतला का बाई तोंड वाकडं करून खाली ठेवते, तिले जाड बुडाचा पाहिजे. म्हणून शब्द बी मी वजन पाहूनच उचलले. 'गुड', 'नाइस' असला पातळ पत्रा घेतलाच नाही. 'रेस्प्लेंडंट', 'युबिक्विटस', 'पर्स्पिकेशस'... एकेक शब्द असा का उचलताना कंबर धरन.

अर्थ समजला, वापर कोणावर करू? दुकानातच करून पाह्यला. उतई गावचं एक घर आलं पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायले. पाणी भरायचा गुंड पुसून समोर ठेवला अन् म्हटलं, 'रेस्प्लेंडंट.' म्हणजे झळाळणारा. पोरीचा बाप उठूनच उभा राहिला. 'सेठ, अंग्रेजी झन मार, भाव बता.' म्हणजे इंग्रजी नको झाडू, भाव सांग. त्याले वाटलं, सेठ इंग्रजीत शिरला म्हणजे रेट चढला. गेले ना सारे समोर चंपतच्या दुकानात. चंपतनं नुसतं 'आवव, बइठव', या, बसा, म्हटलं अन् अख्खं लग्न विकलं.

मग धरलं नरहरीभाऊले. स्टील प्लांटच्या ऑफिसातून रिटायर, जन्म इंग्रजी फायलीत गेलेला, सकाळी फिरायले सोबत असते. म्हटलं, 'नरहरीभाऊ, मच्छर आजकाल लई युबिक्विटस झाले.' म्हणजे जिकडंतिकडं. त्यानं थांबून माझ्या कपाळाले हात लावला.

'तेजराम, शुगर तपासली का तू?'

'शुगर ठीक आहे.'

'मग साधं बोल ना बावा. नोकरीभर इंग्रजी सोसली, आता तरी सुखानं चालू दे.'

तारा असती तर वापर झाला असता. मी म्हटलं असतं, 'तारा, यू आर रेस्प्लेंडंट,' तिनं म्हटलं असतं, 'दळण आणलं का?' पण ऐकलं तर असतं.

एक दिवस मास्तरनं जोडी शिकवली, 'सॉलिट्यूड' अन् 'लोनलीनेस'. दोन्ही एकटेपणच, पण पहिलं आपण पसंत करून घेतलेलं, दुसरं कोणीतरी गळ्यात मारलेलं. मी मोबाईल उलटा ठेवून देला. तेवढ्या एका शब्दाचा वापर शोधा लागला नाही.

तर रविवार आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. समृद्धी आली तशी तिच्या 'हाय'च्या आधीच म्हटलं, 'समृद्धी, यू आर लुकिंग रेस्प्लेंडंट.' पोरगी थबकली. 'पप्पा, आबाजी सेड रेस्प्लेंडंट.' मृणाल, माझी सून, तीही डोकावून हसली. अन् समृद्धी खुर्ची ओढून बसली. बसली हो... आजवर कधी बसली नव्हती. हनुवटीखाली हात ठेवून विचारते, 'आबाजी, व्हॉट डिड यू ईट टुडे?' आज काय खाल्लं.

आता काय सांगू? खाल्लं होतं कालचं पिठलं, उभ्याउभ्या, गॅसजवळ, गरम न करता, एकट्यासाठी ताट कोण वाढून घेते म्हणून. हे इंग्रजीत कसं सांगावं? एवढे एवढे पातळ शब्द, अन् एक बी स्टॉकमधी नाही. डोक्यातलं सारं गोदाम उपसलं, 'पर्स्पिकेशस' हाती लागते, 'मॅग्नॅनिमस' हाती लागते, उभ्याउभ्या खाल्लेलं पिठलं काही निघत नाही. तोंड उघडं, नजर तिच्यावर, अन् हललो बी नाही, का हललो तर पोरगी उठून जाईन.

तिकडून आवाज आला, 'पप्पा, आबाजी इज फ्रोझन.'

'बाबा? बाबा, ऐकू येते का? नेट गेलं वाटते तिकडचं.' अन् बंद.

नेट कुठं गेलं होतं हो, तिच्या पडलेल्या दाताची खिडकी बी दिसून राहिली होती मले. मागून पीयूषचा मेसेज, 'बाबा, नेटचं मी पाहतो.' काय लिहू त्याले? का बेटा, नेट चालू होतं, बापच अटकला होता? अर्थ समजला, वापर कोणावर करू...

पोरगा मायेचा आहे, खोटं कावून बोलू. तिथूनच फोन फिरवले, इकडं दोघं शिडी घेऊन आले, भिंतीले भोक पाडून फायबरची लाइन टाकून गेले. नरहरीभाऊ मुद्दाम पाहायले आला, म्हणते, 'अख्ख्या कोहक्यात असं नेट नसन.' खरं आहे त्याचं. आता काहीच अटकत नाही. रविवारी मी गप्प बसलेला एकदम साफ दिसतो.