शेवटचं पान आधी

पुस्तकांवर घरात चर्चा करावी म्हणता; पण तुम्हाला माझी गंगापूरची आत्या भेटलेली नाही. वाचनालयात नंबर लावून मिळवलेली रहस्यकथा मी अर्धी वाचली होती. खुनी माळीच, अशी माझी खात्री होती. आत्यानं पुस्तक घेतलं, थेट शेवटचं पान उघडलं आणि म्हणाली, "डॉक्टरनं मारलं गं. लई सोपं आहे."

"आत्या, शेवट कशाला सांगितलास?" मला रडूच आलं.

"उगं जिवाला घोर नको. मी सगळी पुस्तकं अशीच वाचते."

रहस्यकथा लपवून मी तिच्यापुढं ऐतिहासिक कादंबरी ठेवली. तिनं ती न उघडताच परत सरकवली.

"हे नको बाई. ह्याचा शेवट आधीच माहीत असतो. मग वाचण्यात मजा काय?"