वादळबाईवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या

(इंग्लंडमधलं मेडनहेड. शाळेच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी.)

रघुवीर : पण फोनवर नेमकं काय म्हणाल्या त्या?

कस्तुरी : बाबा, तिसऱ्यांदा विचारताय. दियाच्या प्रेझेंटेशनबद्दल थोडी काळजी वाटतेय, तिच्या आजोबांशी बोलायचंय. एवढंच.

रघुवीर : कोण, वर्गशिक्षिका?

कस्तुरी : नाही. सेफगार्डिंगच्या मॅडम. मुलांना घरात कुणापासून धोका नाही ना, ते बघतात त्या.

रघुवीर : म्हणजे माझ्यापासून.

कस्तुरी : असं कुणी म्हटलेलं नाही.

रघुवीर : म्हणणार कशाला? म्हातारा आजा तेरा वर्षांच्या नातीला कॉमिक देतो. त्यात तोकड्या कपड्यातली बाई, दर दोन पानांनी दोरखंडानं बांधलेली. मीसुद्धा मला बोलावलं असतं.

कस्तुरी : ऐंशी वर्षांपूर्वीचं सुपरहिरोचं कॉमिक आहे ते. फेमिनिझमवर बोलायला ते घे, असं तुम्हीच सुचवलंत ना तिला?

रघुवीर : माझीच अक्कल. त्यातली वादळबाई एका हातानं विमान थोपवते, साहेबाला तोंडावर सांगते की लग्न करणार नाही. त्या काळात! ते मला फार आवडायचं. पण चित्रं काढणाऱ्याला त्या दोरांत भलताच रस होता, हेही दिसायचं. म्हणून तर चिकटवल्या.

कस्तुरी : काय चिकटवल्या?

रघुवीर : चिठ्ठ्या. पिवळ्या. जिथं जिथं ती बांधलेली आहे तिथं. आणि... मांड्यांवर.

कस्तुरी : अहो बाबा! आणि ते तसंच वर्गात फिरलं?

रघुवीर : दियानं बघू नये म्हणून लावल्या गं.

कस्तुरी : पोरं आधी चिठ्ठ्याच उचकटणार ना!

रघुवीर : मी हाउन्सलोला मित्राकडे, संजयकडे राहायला जाऊ? आजच? मग दियाला कुणी काही विचारणार नाही.

कस्तुरी : आणि ते कसं दिसेल?

रघुवीर : तुला वाटतं का तसं काही? खरं सांग.

कस्तुरी : बाबा, मी रोज तिला तुमच्यापाशी सोडून कामाला जाते.

रघुवीर : ...आली बघ ती.

दिया : हाय. आजोबा, तुमचा तोंड असा पांढरा का झाला?

रघुवीर : मिसनी काय विचारलं तुला?

दिया : चिठ्ठी कोणी लावला. मी म्हटलं, आजोबांनी. मग ती विचारली, आजोबांनी तुला हे बघायला सांगितलं का? मी म्हटलं, नो, न बघायला सांगितलं.

कस्तुरी : हसल्या?

दिया : नाही. लिहून घेतलं.

रघुवीर : बघ. लिहून घेतलं.

दिया : बट आय ॲम सो अँग्री, आजोबा. मी सगळ्यांना सांगितलं, हिला कोणी कधी पकडू शकत नाही. मग वर्गातल्या ऋजुताने चिठ्ठी काढली आणि खाली ती बांधलेली! सगळे हसले. मला.

रघुवीर : चुकलंच माझं.

दिया : आणि पुढच्या चिठ्ठीखाली ती दोर तोडते. स्वतः! ते पण तुम्ही झाकलं. का?

रघुवीर : तिथं... पाय फार उघडे होते तिचे.

दिया : सो? ती तोडत होती ना!

कस्तुरी : दिया, हळू.

रघुवीर : बोलू दे तिला. ...मॅडमना आता काय सांगू मी?

दिया : हेच. तुम्हाला लाज वाटली.

रघुवीर : विश्वास ठेवतील?

कस्तुरी : माहीत नाही, बाबा. पण मी येते तुमच्याबरोबर.

दिया : मी पण.

रघुवीर : चला तर. ...दिया, हात सोड माझा. त्यांच्या खिडकीतून सगळं दिसतं इथलं.

दिया : दिसू दे.